ताटाची डावी बाजू

आमची ही जेवायला बसताना सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायची. समोर नवरा असो, सासू असो, पाहुणे असोत. आमच्या कोल्हापूरकडे बाई शेवटी जेवते आणि उरलंसुरलं खाते, हे सांगायला नको. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या आईने यावरून घर डोक्यावर घेतलं. हिने मान खाली घातली, पण बोलायचं ते बोलली. म्हणाली, "आत्याबाई, मी भुकेली असले की माझी नजर दुसऱ्याच्या भाकरीवर जाते. मग मी मोजायला लागते. माझं पोट भरलेलं असू द्या, मग तुम्ही दोन खावा नाहीतर दहा, मी बघायची नाही." आई आठ दिवस बोलली नाही. ही आठ दिवस आधी जेवली. पुढे आईनेच नाद सोडला.

सत्तेचाळीस वर्षं संसार झाला. तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही, 'ही' म्हणूनच काम भागलं. आता ती नाही, तरी जीभ दुसरं काही म्हणायला तयार नाही. म्हणून इथेही 'ही'च म्हणतो.

मी डेअरीत बॉयलरवर पस्तीस वर्षं काढली. शिक्षण सातवीपर्यंत. हिचं चौथीपर्यंत. मुलगा अभिजित मात्र शिकला, इंग्लंडला दोन वर्षं राहून आला, आणि आता इथे सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. राहायला बुकित पंजांगला, नवव्या मजल्यावर. रोज जाऊन येऊन तीन तास त्याचे गाडीत जातात. आम्ही दोघं त्याच्याकडे आलो त्याला सहा वर्षं झाली. घरात तो, सून गौरी, नात सानिका आणि आम्ही. सानिकाला घरात सगळे सानू म्हणतात.

रविवारच्या कोंबडीची सवय अभिजितने इंग्लंडहून आणली. तिथे तो ज्या म्हातारीकडे भाड्याने राहायचा ती दर रविवारी अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायची आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायची. त्याला ते इतकं आवडलं की इथला फ्लॅट घेतल्यावर पहिला ओव्हन घेतला, पलंग नंतर. रविवारी संध्याकाळी साडेसहाला रोस्ट. फोन दुसऱ्या खोलीत. आठवड्यात कोण कधी जेवतं याचा पत्ता नसायचा, पण रविवारी पाची जण टेबलावर पाहिजेत, हा त्याचा नियम. आम्ही आलो तेव्हा गौरी ते सगळं नेटवर बघून करायची आणि दमून जायची. हिने दोन रविवार नुसतं बघितलं. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "गौरी, तू बस. कोंबडीच आहे ना, वाघ नाही."

वाघ नव्हता, पण खाणारे वाघापेक्षा अवघड होते. अभिजितला छातीचा पांढरा भाग, हाड अजिबात नको. गौरी पुण्याची, लग्नाआधी अंडंसुद्धा न खाणारी. ती कोंबडी खायची, पण कातडी दिसली की तिच्या अंगावर काटा यायचा. सानूला कुठलाही पदार्थ दुसऱ्या पदार्थाला लागलेला चालायचा नाही. बटाट्याला रस्सा लागला की बटाटा बाद. आणि मी. मी खोटं कशाला बोलू, सगळ्यांत नाठाळ मीच होतो. रस्सा नाही ते कसलं मटण आणि कसली कोंबडी, असं मी पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर बोललो. कोरडी कोंबडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असंही म्हणालो. हिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही ओव्हनचं बघा. आग तुम्हाला कळते. चवीचं मी बघते."

मग तसंच ठरलं. ओव्हन माझ्याकडे. किती तापवायचा, कधी ट्रे फिरवायचा, कधी आच उतरवायची, ते मी काच बघून सांगायचो. चव हिच्याकडे. तिने एकाच कोंबडीच्या दोन बाजू केल्या. एका बाजूला कातडीच्या आत आलं-लसूण, हळद आणि आमचा कांदा-लसूण मसाला. दुसऱ्या बाजूला फक्त मीठ, लोणी आणि लिंबू. भाजल्यावर दोन्ही बाजू सारख्याच तांबूस दिसतात, म्हणून साध्या बाजूच्या तंगडीला दोरा बांधायची. पहिल्यांदा तिने देवघरातला लाल दोरा बांधला. त्याचा रंग उतरून तंगडी अशी लालभडक झाली की गौरीला वाटलं, आत रक्त राहिलंय. त्या दिवशी सगळ्यांनी टोस्ट खाल्ले आणि मी एकट्याने अर्धी कोंबडी संपवली. पुढच्या रविवारपासून पांढरा दोरा. ट्रेमध्ये खाली जमलेल्या रसात मसाला आणि गरम पाणी घालून माझ्यासाठी वाटीभर रस्सा व्हायचा. मी गप्प झालो.

चारपाच महिन्यांत सगळ्यांना तीच कोंबडी नकोशी व्हायला लागली. अभिजित म्हणाला, एखाद्या रविवारी मासा करू. गौरी म्हणाली, पनीर करू. मी म्हटलं, मटण करू. हिने कोणाचं ऐकलं नाही. म्हणाली, "आठवडाभर रोज सगळं बदलतंय तुमचं. रविवारी एक गोष्ट तीच राहू दे. बदल मी डावीकडे करते."

डावीकडे म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, आपल्या ताटात जे डावीकडे येतं ते. उजवीकडे कोंबडी आणि बटाटे, ठरलेलं. डावीकडे दर रविवारी नवं. एकदा भाजलेल्या भोपळ्याचं दह्यातलं भरीत. एकदा जवसाची चटणी. एकदा इथल्या बाजारातल्या अननसाची कोशिंबीर, मोहरी फेसून. एकदा लिंबाचं गोड लोणचं, एकदा मेतकूट आणि दही, एकदा नुसता हिरवा ठेचा. त्याच कोंबडीचा घास अननसाबरोबर वेगळा लागायचा आणि ठेच्याबरोबर वेगळा. अभिजितला कोंबडीचा कंटाळा यायचा तो थांबला. गौरी आपल्या ऑफिसातल्या बायकांना फोटो दाखवायला लागली. डावीकडचं सगळं लहान वाट्यांत, टेबलाच्या मध्ये. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, नको त्याने घेऊ नये. ही वाढायची नाही. आधी आपलं ताट भरून बसलेली असायची.

आता सानूचं सांगतो. ती तेरा वर्षांची झाली आणि तिचं खाणं आटायला लागलं. आधी भात सोडला. मग पोळी. मग तेलाचा वास येतो म्हणून भाजी. आम्हाला वाटलं, नखरे. मग शाळेतून चिठ्ठी आली, पोरगी मैदानावर चक्कर येऊन पडली म्हणून. हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली, हे नखरे नाहीत, हा आजार आहे. दर शुक्रवारी वजन करायला यायचं. तिने विचारलं, आठवड्यात कुठलं जेवण पोरगी आपणहून येऊन बसते? गौरी म्हणाली, रविवारचं. डॉक्टरीण म्हणाली, मग ते मोडू नका, आणि टेबलावर तिच्या खाण्याबद्दल एक शब्द बोलू नका. चांगला नाही, वाईट नाही.

हिने तो नियम आणखी कडक केला. म्हणाली, "नुसतं न बोलून भागणार नाही. बघायचं पण नाही. ज्याने त्याने आपल्या ताटात बघायचं." तिला ते सोपं होतं, जन्मभर तेच केलं होतं. आम्हाला सोपं नव्हतं. आपल्यात माणूस जेवायला बसला की त्याला आग्रह करायचा असतो. नको म्हणाला तरी वाढायचं असतं. मी तर डेअरीतल्या जेवणात आग्रह करून करून जिलब्या खायला घालायचो आणि लोक मला त्यासाठी बोलवायचे. आता नात समोर बसून वाटाण्याएवढा तुकडा काट्याने इकडून तिकडे ढकलते आहे, आणि आम्ही चौघं हवामानाबद्दल बोलतोय. सिंगापूरला हवामान एकच, तरी बोलतोय. तिचा काटा ताटाला लागला की चौघांचे कान टवकारायचे, आणि आवाज थांबला की अभिजितची मान आखडायची.

मी चोरून बघायचो. पाण्याचा स्टीलचा जग होता, त्यात तिचं ताट दिसायचं, जरा वाकडं, पण दिसायचं. हिने ते ओळखलं आणि जग उचलून स्वयंपाकघरात ठेवला. मग मी ओव्हनच्या काचेत बघायला लागलो. पुढच्या रविवारी ओव्हनच्या दारावर टॉवेल टाकलेला. माझ्यासमोर हिने तो सरळ केला. जेवण झालं की ताटं मी विसळायचो, सानूच्या ताटात काय उरलंय ते बघायला. ते पण तिला माहीत होतं. ते तिने चालू दिलं.

आणि हळूहळू पोरगी खायला लागली. मी बघत नव्हतो तरी ताटं सांगायची. डावीकडच्या वाट्यांनी तिला ओढलं, असं मला वाटतं. कोंबडीला हात लावायची नाही, पण अननस दोन चमचे, मग भरीत, मग भरिताबरोबर पांढऱ्या भागाचा तुकडा. एका रविवारी तिने आपणहून आजीला विचारलं, "नेक्स्ट वीक डावीकडे काय?" ही म्हणाली, "तू सांग." पोरीने काकडी सांगितली. ही बाजारात जाऊन काकड्या निवडून आणताना गाणं म्हणत होती. चार शुक्रवार वजनाचा काटा वर गेला.

पाचव्या शुक्रवारी खाली आला. शाळेत कोणी काही बोललं होतं, आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरीण म्हणाली, पुढच्या शुक्रवारी आणखी उतरला तर दाखल करावं लागेल आणि नाकातून नळीने भरवावं लागेल. तो शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. नळी मी माझ्या भावाला घातलेली बघितली होती. तो परत आला नव्हता.

त्या रविवारी डावीकडे काकडीची कोशिंबीर आणि भरीत होतं. सानूने कोंबडीचा एक तुकडा घेतला, काडेपेटीएवढा. त्यातला अर्धा खाल्ला आणि काटा खाली ठेवला. मी बघितलं. सरळ बघितलं. आणि माझ्या ताटातला एक तुकडा उचलून तिच्या ताटात टाकला. म्हटलं, "हा एवढा एक घास. तुला आज्जीची शपथ."

शपथ म्हणजे काय ते तिला मीच शिकवलं होतं, ती लहान असताना, सुट्टीत पत्ते खेळताना. शपथ मोडली की ज्याच्या नावाची असेल तो माणूस मरतो. सुटायचा मार्ग एकच, ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणायचं. तेव्हा ती दिवसभर मला शपथा घालायची आणि सोडायची. खेळ होता.

त्या दिवशी तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, टेक इट बॅक. प्लीज."

मी म्हटलं, "खा. खाल्लास की सुटलीच."

अभिजित म्हणाला, बाबा. गौरीने त्याचा हात धरला. सानूने काटा उचलला, तुकड्याला लावला, आणि तसाच धरून ठेवला. मी तरी थांबलो नाही. मला वाटत होतं, एकदा घास गेला की पोरगी वाचली.

तेवढ्यात हिने हात लांब करून तो तुकडा पोरीच्या ताटातून उचलला आणि स्वतः खाल्ला. दुसऱ्याच्या ताटाला हात लावताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चावून गिळला, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "माझ्या नावाची होती, मी खाल्ली. आता सुटली म्हणा."

मी म्हणालो नाही.

"अहो, पोरीला सुटली म्हणा."

मी म्हटलं, तूच लाडावून ठेवलंयस तिला, डावीकडे आणि उजवीकडे करत. सानू उठली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अभिजित ताट तसंच टाकून गॅलरीत गेला. ही बसून राहिली. आपलं ताट तिने संपवलं, सावकाश, माझ्यासमोर.

सोमवार, मंगळवार ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बुधवारी चहा देताना म्हणाली, "तुमच्या एका शब्दाचं काम आहे. त्याला काय खर्च येतोय?" मी म्हटलं, शुक्रवारचं वजन होऊ दे, मग बघू. मला काय वाटत होतं सांगतो. मला वाटत होतं, शपथेच्या भीतीने पोरगी आठवडाभर दोन घास जास्त खाईल. मला खरंच तसं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ही खिडकीबाहेरच्या बांबूवरचे वाळलेले कपडे काढत होती. बांबू आत ओढला, भिंतीला टेकवला, आणि म्हणाली, जरा बसते. खुर्चीवर बसली. हातात अभिजितचा शर्ट होता. मी पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर आलो. एवढंच. गाडी आली, हॉस्पिटल झालं, डॉक्टर म्हणाले हृदय. नळी चोंदलेली होती, म्हणे, कधीपासून कोणाला माहीत. ती कधी बोलली नव्हती.

तेराव्यापर्यंत घरात कोंबडी यायचा प्रश्न नव्हता. त्यानंतरही ओव्हन कोणी लावला नाही. रविवारी अभिजित खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरून, जेवणाचे पुडे आणायचा आणि जो तो आपल्या खोलीत खायचा. सानू रडली नाही. खायची तेवढंही खाईना. डॉक्टरीण आजीच्या मरणामुळे थोडी थांबली होती, पण किती थांबणार. येत्या शुक्रवारी काटा वर दिसला नाही तर सोमवारी दाखल, असं तिने लिहून दिलं.

त्या संध्याकाळी गौरी माझ्या खोलीत आली. ती पोर माझ्याशी कधी तोंड वर करून बोलली नाही, त्या दिवशी दारात उभी राहूनच बोलली.

"बाबा, हॉस्पिटलमध्ये त्यांनी सानूला खूप वेळ विचारलं तेव्हा ती बोलली. ती म्हणते, मी घास खाल्ला नाही म्हणून आजी गेली."

मी काहीतरी म्हणायला गेलो. मागे अभिजित उभा होता. तो म्हणाला, "बाबा, आईने तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं."

मी म्हटलं, हो.

"मग?"

मग काय. तो आणखी बोलला असता तर बरं झालं असतं. तो निघून गेला.

मी रात्रभर काय विचार केला ते लिहीत नाही. सकाळी गौरीला सांगितलं, रविवारी रोस्ट मी करणार, कोणी स्वयंपाकघरात यायचं नाही. बाजारात गेलो. कोंबडीवाली चिनी बाई हिच्याशी तासन्‌तास बोलायची, ती चिनीत आणि ही मराठीत, आणि दोघींचं बरोबर जमायचं. तिने विचारलं, "आंटी नो कम?" मी मान हलवली आणि आभाळाकडे बोट केलं. तिने हातातला सुरा खाली ठेवला. मग हिला पाहिजे तशीच कोंबडी साफ करून दिली, मी काही न सांगता.

ओव्हन मला येत होता. मसाला डोळ्यांनी बघितलेला होता. मीठ किती ते माहीत नव्हतं, अंदाजाने घातलं. दोरा बांधला तो दोनदा सुटला. डावीकडे काय करायचं सुचेना, शेवटी काकडी कोचवली, दाणे कुटले, ते जाडेभरडे राहिले, फोडणीत हिंग जास्त पडला. भोपळा भाजायला ट्रेच्या कडेला ठेवला. साडेसहा वाजायला आले तेव्हा अभिजित आणि गौरी टेबलावर येऊन बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. सानूचं दार बंद होतं.

मी दारावर टकटक केली. मी दाराशीच बोललो. मला गोड बोलता येत नाही, तसंच बोललो.

"सानू, आजी हृदयाच्या रोगाने गेली. घास खाल्ला न खाल्ला, त्याचा काही संबंध नाही. शपथ मी घातली. तिने सोडायला सांगितली, मी सोडली नाही. सगळं पाप माझं आहे, तुझं त्यात काही नाही. सुटली. ऐकलंस का? सुटली."

मग दार चार बोटं उघडलं. पोरीचा अर्धा चेहरा दिसला, गालाची हाडं वर आलेली. म्हणाली, "आजीने त्याच दिवशी सांगितलं होतं. आय हर्ड. बुधवारी पण सांगितलं. मग व्हाय यू नेव्हर से?"

"माज," मी म्हटलं. "दुसरं काही कारण नाही. आणि तू घाबरून खाशील असं वाटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ माझ्याकडे घरात कोणी बघितलं नव्हतं, ही गेल्यापासून.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"सुटली."

"अगेन."

"सुटली, बाळ."

ती बाहेर आली. माझ्या बाजूने गेली, मला हात लागू न देता, आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. आजीची खुर्ची मी उचलून ठेवली नव्हती, ती तशीच होती. मी कोंबडी मध्ये ठेवली, वाट्या ठेवल्या, माझं ताट वाढून घेतलं आणि मान खाली घातली.

कोंबडी खारट झाली होती. भोपळा एका बाजूने जळला होता. कोशिंबिरीतले दाणे दाताखाली कचाकच लागत होते. अभिजितने गौरीला ऑफिसातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली, त्याचा आवाज फुटत होता तरी सांगत राहिला. गौरी हूं हूं करत होती. माझ्या समोरून एक वाटी सरकल्याचा आवाज आला. कुठली, मला माहीत नाही. मी माझ्या ताटातल्या तंगडीचं हाड चोखत बसलो होतो. मान वर करावीशी इतकी वाटत होती की मानेत कळ आली. केली नाही.

जेवण संपत आल्यावर मला माझ्याच हातांची भीती वाटली. ताटं विसळायला बसलो असतो तर मी बघितलं असतं. कचऱ्याचा डबा उघडूनसुद्धा बघितलं असतं. म्हणून ताटं उचलायच्या आत मी चपला घातल्या आणि लिफ्टने खाली गेलो.

ब्लॉकखाली मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत. तिथे एक चिनी म्हातारा संध्याकाळचा एकटा बसतो. तो माझ्याच वयाचा, त्याचीही बायको नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे. इथली पद्धत अशी की माणूस भेटला की कसा आहेस विचारत नाहीत, जेवलास का विचारतात. त्याने बाजूला सरकून जागा दिली आणि विचारलं, "अंकल, ईट ऑलरेडी?"

मी म्हटलं, "मी ईट." मग थोडं थांबून म्हटलं, "अदर्स, डोन्ट नो."

त्याने मान डोलावली. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, वर दिवे लागेपर्यंत.